गाढीच्या डोहात पळी

आठल्यांच्या घरात मासा पहिल्यांदा शिरला तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तोवर नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांशी माशाचा संबंध होता तो दशावतारांच्या तसबिरीतल्या पहिल्या चित्रापुरता, आणि त्या माशाला वास नव्हता.

"आजोबा, औषध मी देईन," इस्पितळातली तरुण डॉक्टरीण म्हणाली होती, "पण ते झेलायला अंगात काहीतरी हवं ना? वजन असंच उतरत राहिलं तर पुढची केमो मला थांबवावी लागेल. पुढच्या तपासणीपर्यंत त्यांना खाऊ द्या. काहीही. मागतील ते."

श्रीधर आठल्ये यांनी मान डोलावली. नगर वसवणाऱ्या सरकारी कचेरीत उभा जन्म काढलेला माणूस. आदेश लेखी असो वा तोंडी, मान आपोआप हलायची. पण या आदेशाची अंमलबजावणी होईना. कारण चंद्रावती, म्हणजे आठल्यांची बायको, काही मागतच नव्हती. तिच्या तोंडाची चव गेली होती. वरणभात दिला तर म्हणे माती. मऊ भात दिला तर ओली माती. सफरचंद किसून दिलं तर गोड माती.

"आता मातीचं परकार तेवढं कळाया लागलंत मना," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तिच्या मानेखाली दोन्ही बाजूंना असे खळगे पडले होते की ओंजळभर पाणी ओतलं असतं तर राहिलं असतं.

आणि एका दुपारी, झोपेच्या अलीकडे आणि जागेपणाच्या पलीकडे जी एक पाऊलवाट असते तिच्यावरून चालताना, चंद्रावती गुणगुणली.

*बाबाचा माझ्या गं, पाग परला डोहावरी*
*चांदीची मासोली, लेकीच्या ताटावरी*

आठल्ये पेपर वाचत होते. पाग म्हणजे फेकायचं जाळं, एवढं आगरी त्यांना कळत होतं. त्यांनी पेपर खाली ठेवला. चंद्रावती ओव्याच्या आगरी शेतकऱ्याची लेक. ओवे म्हणजे आताच्या खारघरच्या टोकाला उरलेलं गाव. तिथून ती आठल्यांच्या घरात आली तेव्हा मासा तिनं उंबऱ्याबाहेर ठेवला तो ठेवलाच. 'सोड' असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी फक्त एकदा विळीकडे पाहिलं होतं. ब्राह्मणाच्या घरात तेवढं पुरतं.

"चंद्रा," आठल्ये म्हणाले, "मासा खाशील?"

तिनं डोळे उघडले. बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. "सारा संसार झाला," ती म्हणाली, "आन आत्ता इचारताव?"

दुसऱ्या दिवशी आठल्ये भाजीचीच पिशवी घेऊन पनवेलच्या मासळी बाजारात गेले आणि पहिल्याच कोळणीसमोर उभे राहून म्हणाले, "अर्धा किलो द्या."

"कसला देऊ, काका?"

"ताजा."

कोळीण हसली, तिची शेजारीण हसली, आणि ते हसू ओट्यावरून ओट्यावर उड्या मारत पार सुक्या बोंबलाच्या टोकापर्यंत गेलं. आठल्ये पापलेट घेऊन परतले. चंद्रावतीनं ताट नाकाजवळ नेलं आणि दूर सारलं. "बरफाचा वास येतो." मग बोंबील आले. "खारा वास. नको." मग कोणीतरी सांगितलं म्हणून टाकीतला जिवंत मासा आणला. "याला टाकीचाच वास हाय." एव्हाना जिन्यात नाकाला पदर लावून चढणाऱ्यांची संख्या वाढली होती.

"मग कसला हवा तुला?" आठल्ये कधी नाही ते वैतागून म्हणाले.

"वड्याचा. वाहत्या पान्याचा, जित्ता. मरल मिलाली तर मरल. बाबा आनायचा तसा."

"तुमच्या ओव्याच्या ओढ्यातला?"

"तो कुटं राह्यला? तुमच्या हापिसानं सरल गटार केला ना त्याचा."

हे ती रागानं बोलली नव्हती. किती वाजले ते सांगावं तसं बोलली. आठल्यांना मात्र लागलं. नकाशावर ती सरळ रेघ त्यांनी ओढली नव्हती. ते नुसते नकाशे गुंडाळून कपाटात ठेवायचे. पण आजारी माणसाला खात्यांची विभागणी समजावण्यात अर्थ नसतो.

इथे शेजारचा भावेश पाटील या गोष्टीत येतो. भावेश संगणकाच्या कंपनीत कामाला, आणि काही वर्षांपूर्वी हिमाचलात जाऊन बर्फाच्या नदीत ट्राउट नावाचा मासा पकडून आलेला. तो ट्राउट तेव्हा वीतभर होता. सोसायटीच्या दर पूजेला तो थोडा वाढायचा, आणि आता भावेश दोन्ही हात पसरूनही तो पुरता दाखवू शकत नव्हता. त्याची काठी मात्र कपाटात पडून होती. करंगळीएवढी बारीक, तुकडे जोडून होणारी, हातात घेतली तर पीस घेतल्यासारखी. तिला एक छोटं रीळ, त्यावर केसासारखी दोरी, आणि एका डबीत धातूचे इवले इवले खोटे मासे. प्रत्येकाच्या अंगाला एक चकती, ओढलं की गरगर फिरणारी.

"काका, ही लाइट स्पिनिंगची काठी. गांडूळ-बिंडूळ काही लागत नाही," भावेश म्हणाला. "ही चकती पाण्यात चमकते. माशाला वाटतं, छोटा मासा पळतोय. की घातलीच झडप!"

'गांडूळ लागत नाही' हे ऐकून आठल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या मनात दोन दिवस हाच हिशेब चालला होता. बायकोसाठी मासा मारायचा, माशासाठी गांडूळ मारायचं, म्हणजे पाप दुमजली. आता निदान खालचा मजला वाचला. एवढ्यावर न थांबता त्यांनी पक्कड घेऊन प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला, कारण भावेशनं दाखवलेल्या व्हिडिओत एक गोरा तसं करत होता, म्हणे माशाला इजा होत नाही. असा मासा सुटूनही जातो, आणि त्या गोऱ्याला तो सोडायचाच असतो, हे व्हिडिओच्या शेवटी होतं. आठल्यांनी शेवट पाहिला नव्हता. चंद्रावतीनं पाणी मागितलं होतं.

बाकीचे धडे त्यांनी मन लावून गिरवले. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मागून जावं. सावली पडू देऊ नये. भडक कपडे घालू नयेत. त्यामुळे पनवेलच्या उकाड्यात आठल्ये तपकिरी स्वेटर आणि माकडटोपी घालून गच्चीवर सरावाला उभे राहिले.

पहिल्या फेकीत गळ त्यांच्याच टोपीत अडकला. दुसऱ्या फेकीत तो सुंदर, अगदी व्हिडिओतल्यासारखा, कठड्यावरून सुटला आणि खाली कुठेतरी 'गपकन' बसला. 'दोरी सैल सोडू नका' हा धडा आठवून आठल्ये इमानानं रीळ फिरवत राहिले. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या अरुंधतीकाकू देवल यांचा पांढरा परकर बाल्कनीतून निघाला, आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांच्या डोळ्यांदेखत इमारत चढू लागला. दुसऱ्या मजल्याशी तो वाऱ्यानं फुगला. तिसऱ्याशी क्षणभर थांबला. गच्चीवर येईपर्यंत खाली टाळ्या सुरू झाल्या होत्या.

संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'गच्चीवर मासेमारी करण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' जन्मभर सूचनांचे मसुदे केलेल्या आठल्यांना मनाईचं वाईट वाटलं नाही. आदेश कोणाचा ते लिहिलं नव्हतं, हे मात्र खुपलं.

सल्ले तर विचारू नका. अरुंधतीकाकू परकर घ्यायला आल्या आणि राजगिरा सुचवून गेल्या. दुसऱ्या मजल्यावरून माशाच्या तेलाच्या गोळ्यांचं नाव आलं. पहारेकरी सुदाम म्हणाला, "साहेब, मरळ पाहिजे ना? पावसात शेतात चढते. काठीनं मारतात." बाहेर मार्गशीर्षाचं ऊन पडलं होतं. सगळे आपलेपणानं बोलत आणि बोलता बोलता आतल्या खोलीकडे एकदा बघून घेत. त्या बघण्याचा आठल्यांना सल्ल्यांपेक्षा जास्त त्रास व्हायचा.

धरणावर मासे असतात म्हणून आठल्ये धरणावर गेले. तिथल्या रखवालदारानं परवानगी मागितली. परवानगीसाठी ते कचेरीत गेले. कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना त्यांना आपलंच तरुणपण ठिकठिकाणी बसलेलं दिसलं. चहा पीत होतं, 'उद्या या' म्हणत होतं.

"तुम्ही क्रियाशील मच्छीमार आहात का?" शेवटच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं.

"नाही. अजून क्रिया व्हायची आहे."

"संस्थेचे सभासद?"

"नाही."

"सभासद झाल्याशिवाय धरणात मासे धरता येत नाहीत. आणि मासे धरत असल्याशिवाय सभासद होता येत नाही."

एका जुन्या कारकुनानं नव्या कारकुनाकडे कौतुकानं पाहिलं. इतका बिनभोकाचा नियम आठल्यांच्या खात्यालाही कधी जमला नव्हता.

"छंद म्हणून हवंय का तुम्हाला?"

"छंद नाही हो," आठल्ये म्हणाले. "बायकोला चव लागत नाही. ती म्हणते वाहत्या पाण्यातला मासा आणा. सोमवारी तिचं वजन करायचंय."

कारकुनानं पेनाचं टोपण लावलं. खिडकीबाहेर बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "धरण आमचं आहे, काका. नदीचं आमच्याकडे काही नाही. नदी कोणाचीच नाही. तुम्ही नदीवर जा."

नदी कोणाचीच नाही, हे खरंच होतं. माथेरानच्या डोंगरातून गाढी निघते ती सासरी निघालेल्या लेकीसारखी, ओचा सावरत, दगडांना विचारत विचारत. नेरे गावाच्या वर ती अजून माहेरची असते. पनवेलपर्यंत पोचेतो तिच्या पदरात प्रत्येकानं काहीतरी टाकलेलं असतं आणि तिला कोणी ओळखत नाही. आठल्ये रोज सकाळी चंद्रावतीला पेज भरवून, स्कूटरला काठी बांधून, नेऱ्याच्या वर जाऊ लागले. ती काठी मागे अशी झुलायची की नाक्यावर एकानं विचारलं, "काका, रेंज येते का?"

पहिल्या दिवशी गळाला प्लॅस्टिकची पिशवी लागली. तिनं चांगली झुंज दिली. दुसऱ्या दिवशी एक चप्पल, डावी. मग विसर्जनातल्या एका मखराच्या सांगाड्यात एक चकती गेली, उंबराच्या मुळात दुसरी गेली, तिसरी आठल्यांच्याच स्वेटरच्या पाठीत रुतली आणि तशीच घरी आली. ट्राउटच्या सावधपणानं ते दगडाआडून रांगत जात, आणि पलीकडच्या काठावर सरपण गोळा करणारी गोदा नावाची एक कातकरीण हातातली मोळी खाली ठेवून हा प्रकार बघत बसे.

"बाबा," चौथ्यांदा बघितल्यावर तिनं हाक मारली, "काय हरवलाय काय?"

"मासा धरतोय."

"मग रांगताव कशाला? मासा काय पोलीस हाय?"

"सावली पडू नये म्हणून. इथे मासे आहेत ना?"

गोदानं डोहाकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. "वरती बंगलं झालं, त्यांचा पानी येतो. कोन पावडर टाकून मासं मारतो. आता ह्या डोहात दगुड हायेत. आन तुमी."

संध्याकाळी चंद्रावती उशीवरून विचारायची, "मिलाली?"

"नाही."

"बरं, पानी कसा होता?"

मग आठल्ये सांगायचे. दगडाशी कसं वळण घेतं, उंबराखाली कसं काळं होतं, तळाची वाळू कशी दिसते, टिटवी कशी ओरडते. डोहातले दगड आणि आपण, हेही त्यांनी तिला सांगितलं. चंद्रावती डोळे मिटून ऐकायची, आणि ऐकता ऐकता पेजेचे दोन घोट जास्त घ्यायची. हे आठल्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष पलंगाखालच्या वजनकाट्याकडे असायचं. रोज सकाळी ते तिला खांद्याला धरून त्यावर उभं करत, आणि रोज सकाळी तो काटा, जणू कुठे जायची घाई असल्यासारखा, आदल्या दिवसापेक्षा अलीकडेच थांबे. एकदा ती म्हणाली, "मना धरू नका. तुमी धरलात तर माजा अर्धा वजन तुमच्याच हातात जातो, काट्यावर येत नाय." ती हसली. मग हसण्यानं दमून बसली.

शनिवारी शेवटची चकती गेली. गोदानं ती जाताना पाहिली आणि मोळी उचलून मुकाट्यानं निघून गेली. ती हसली असती तर आठल्यांना बरं वाटलं असतं.

भावेश गावाला गेला होता. फोनवर तो म्हणाला, "काका, चमच्याला पण मासा येतो. पूर्वी लोक जेवणाचा चमचा कापूनच गळ करायचे. चमकणारा, थोडा खोलगट पाहिजे. लाटेत डुलला पाहिजे. भोक पाडायला माझं ड्रिल घ्या, घरी मागा."

आठल्यांनी स्वयंपाकघरातले चमचे पाहिले. सगळे जाड, सपाट, लग्नात आहेर म्हणून मिळणाऱ्या जातीचे. मग त्यांची नजर देवघराकडे गेली. पंचपात्रात पळी होती. तांब्याची, वडिलांची, रोज चिंचेनं घासून सोन्यासारखी केलेली. खोलगट. हलकी. तिच्यात पाणी घेतलं की ते डुलायचं.

पुढचं काम आठल्यांनी बाल्कनीत, देवघराकडे पाठ करून केलं. करवतीखाली पळीचा दांडा आला तेव्हा त्यांच्या तोंडून सवयीनं 'केशवाय नमः' गेलं. अर्धा कापला तेव्हा 'नारायणाय नमः'. दांडा तुटून खाली पडला तेव्हा 'माधवाय नमः', आणि मग त्यांना कसंसंच झालं. भोक पाडून त्यात डबीतला एक सुटा, आधीच सपाट केलेला गळ अडकवताना त्यांनी स्वतःची समजूत घातली. पहिला अवतार माशाचाच. त्याच्याकडेच तर निरोप पाठवायचाय. पळीनं नाही तर काय पोस्टानं पाठवायचा?

रविवारी सकाळी डोहावर ऊन नुकतं पोचत होतं. आठल्ये आज रांगले नाहीत. सावली पडो, कोणी हसो, त्यांच्यात लपण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. सकाळी काटा आणखी मागे सरकला होता. त्यांनी उभ्यानंच पळी फेकली.

ती उंबराखालच्या काळ्या पाण्यात पडली आणि बुडता बुडता डुलली. आचमनाच्या पाण्यासारखी, एकदा इकडे, एकदा तिकडे. आठल्यांनी रीळ फिरवलं. मग काठी वाकली.

"पिशवी," आठल्ये स्वतःशी म्हणाले.

पिशवी उजवीकडे गेली. मग डावीकडे गेली. मग रिळातून दोरी सुटायचा असा कर्रकन आवाज आला की पलीकडच्या काठावर गोदा ताडकन उभी राहिली.

"बाबा! पिशवी पलते काय कदी! मासा हाय तो, मासा!"

आठल्यांना पुढचा एकही धडा आठवला नाही. ते ओढत होते, सोडत होते, पाण्यात शिरत होते. गुडघाभर, मग कंबरभर. मासा काठाच्या उथळात आला, काळा, लांब, सापासारख्या डोक्याचा. त्यानं तोंड उघडलं, आणि सपाट केलेला तो गळ, अहिंसेचा तो गळ, अलगद बाहेर आला. पळी नुसतीच दोरीला लोंबत राहिली.

त्या क्षणी श्रीधर आठल्ये यांनी जे केलं ते कोणत्याच व्हिडिओत नाही. त्यांनी डोक्यावरची माकडटोपी उपटली आणि माशावर पालथे पडले. पाणी उसळलं, चष्मा गेला, टोपीत काहीतरी मनगटाएवढं, ओलं, संतापलेलं वळवळू लागलं. आठल्ये टोपीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून चिखलात बसून राहिले. पलीकडे गोदा पोट धरून हसत खाली बसली होती. हसू थांबल्यावर ती पाणी ओलांडून आली, चष्मा शोधून त्यांच्या नाकावर ठेवला आणि टोपीत डोकावली.

"मरल हाय," ती म्हणाली. "कुनासाटी?"

"बायकोसाठी. आजारी आहे."

गोदानं टोपीचं तोंड आणखी आवळलं. मग म्हणाली, "न्या बिगीन. मरल लवकर मरत नाय. वाट बघती."

दुधाच्या किटलीतून, नदीच्या पाण्यात, मरळ नवीन पनवेलला आली आणि न्हाणीघरातल्या बादलीत उतरली. आठल्ये ओल्या कपड्यांनी बादलीसमोर उभे राहिले. मासा त्यांच्याकडे बघत होता. आता याला मारायचं कोणी, हा प्रश्न इतक्या दिवसांत त्यांना एकदाही पडला नव्हता. दुमजली पापाचा वरचा मजला त्यांच्यापुढे उघडा पडला होता. खाली जाऊन सुदामला बोलवावं का? अरुंधतीकाकू वाटेत भेटल्या तर?

मागून चप्पल फरपटल्याचा आवाज आला. भिंतीला धरून चंद्रावती न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. आपणहून उठून तिनं एवढं अंतर कापलं होतं त्याला किती दिवस झाले ते आठल्यांना आठवेना. ती वाकली.

"मरल," ती म्हणाली. लेकीचं नाव घ्यावं तसं. मग नवऱ्याकडे बघितलं. "तुमी बाहेर व्हा. तुमच्यानं नाय व्हायचा. विली द्या, पाट द्या. आन राख द्या, हातात ठरत नाय ती."

"राख?" गॅसच्या शेगडीवर चालणाऱ्या घरात राख कुठली? आठल्ये घरभर फिरले आणि अखेर पुन्हा देवघराशीच आले. उदबत्तीच्या घरात साठलेली राख त्यांनी कागदावर झाडली, कमी वाटली म्हणून विभूतीची डबीही उपडी केली, आणि मग देवघराची दारं हळूच लावून घेतली. देवांनी बघायचं तेवढं आज बघून झालं होतं.

चंद्रावतीनं राखेचा वास घेतला. "चंदन," ती म्हणाली. "मरलीचा नशीब."

ते काम तिला फार वेळ पुरलं. मध्येच ती भिंतीला टेकायची, डोळे मिटायची, श्वास परत यायची वाट बघायची. आठल्ये दाराबाहेर पाठमोरे उभे राहून तो श्वास ऐकत होते. तो थांबला की त्यांचाही थांबायचा. मग विळीचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा आणि त्याच्या खाली, अगदी बारीक, गुणगुणणं.

*बामनाची माझ्या गं, पली परली डोहावरी*
*बुडाला देवधर्म, मरल आली चुलीवरी*

लसूण तडतडला, चिंचेचा कोळ पडला, आणि कालवणाचा वास दारांच्या फटींतून जिन्यात उतरला. थोड्याच वेळात बेल वाजली. अरुंधतीकाकू नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"आठल्ये, हे आता अति..." त्यांनी सुरुवात केली, आणि त्यांची नजर स्वयंपाकघरात गेली. चंद्रावती ओट्याला टेकून उभी होती. हातात डाव, डोक्याला रुमाल, खांद्यावरून पातळ घसरलेलं. काकूंचा पदर हळूहळू खाली आला. "अगं, उभी आहेस तू!" एवढंच त्या म्हणाल्या आणि गेल्या. मग पुन्हा बेल वाजली. मूठभर कोथिंबीर होती. देताना काकूंनी तोंड दुसरीकडे केलं होतं. वासामुळे असेल.

दोन ताटं वाढली गेली. एकात भात आणि कालवण, माशाचा एक तुकडा. दुसऱ्यात आठल्यांचं वरण. चंद्रावतीनं घास कालवला, फुंकला, तोंडात घातला. आठल्ये तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती चावत होती. मग चावणं मंद झालं. मग थांबलं.

"काय?" आठल्ये म्हणाले.

तिनं घास मुश्किलीनं गिळला. डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिखटाचं नव्हतं.

"माती," ती म्हणाली.

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. आठल्यांना वाटलं, कोणीतरी आपल्याला उचलून त्या वजनकाट्यावर उभं केलंय आणि काटा हलतच नाहीये. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. नखांत अजून विभूती होती.

चंद्रावतीनं आपल्या ताटातला तुकडा उचलला आणि त्यांच्या वरणभातावर ठेवला.

"तुमी खा," ती म्हणाली. "मी केलीय. खाऊन मना सांगा कशी झालीय. पानी सांगायचात ना, तसा सांगा."

देवघराची दारं लावलेलीच होती. आठल्यांनी तुकडा मोडला. कोणत्याही मंत्राशिवाय तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदा.

"सांगा की."

"सांगतो, थांब," आठल्ये घाबरून म्हणाले, आणि आयुष्यभराचं टिपणलेखन त्यांच्या मदतीला धावलं. "प्रथमतः आंबट. म्हणजे चिंच. तदनंतर तिखट, पण ते मागाहून येतं, घशाशी. मासा स्वतः... मऊ आहे. नाही, मऊ नाही. घट्ट आहे, पण दाबला की पाकळ्या सुटतात. मोगऱ्यासारख्या. आणि शेवटी, चंद्रा, शेवटी पाण्याची चव येते. त्या डोहाचीच. उंबराखालच्या."

"काटा बगा."

"बघतोय. लसूण पुढे आलाय. वास सांगू का? पाऊस थांबल्यावर शेताला येतो तसा."

चंद्रावती डोळे मिटून ऐकत होती. तिचा हात भाताकडे गेला होता. तिनं एक घास घेतला. आठल्ये थांबले, तशी ती थांबली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तसा दुसरा घास गेला. आता मात्र त्यांच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याबरोबर शब्द संपले. सांगायचं काय? सगळं सांगून झालं होतं. आंबट सांगितलं, तिखट सांगितलं, नदी सांगितली. घास हातात धरून चंद्रावती वाट बघत होती. आठल्ये जिवाच्या आकांतानं जिभेवर शोधू लागले, आणि सबंध संसारात ज्या माणसानं पानावर 'ठीक आहे' याखेरीज शब्द काढला नव्हता, तो माणूस बोलून गेला:

"मीठ थोडं कमी पडलंय."

चंद्रावतीनं डोळे उघडले.

"काय म्हनलात?"

"नाही, म्हणजे, किंचित."

"मना मीठ शिकवताव? उठा मग. आना बरनी."

आठल्ये उठले. ओट्यावर मिठाची बरणी कोथिंबिरीच्या आड होती, ती शोधायला थोडा वेळ गेला. परत आले तेव्हा त्यांच्या ताटात नुसता वरणभात होता. माशाचा तुकडा नव्हता. चंद्रावतीच्या तोंडात घास होता आणि कपाळाला आठी होती. कोणी तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं की पडायची ती, खूप दिवसांनी. ती सावकाश, खोलात जाऊन, चौकशी करावी तशी चावत होती.

"लबाड बोलताव," ती म्हणाली. "मीठ बराबर हाय."